खिडकीत माहेर नको

मामंजी, आमच्या शेजारचा फ्लॅट रिकामा झाला आहे, आणि माझी धाकटी बहीण त्यात राहायला यावी म्हणून मी घरात सगळ्यांचं डोकं खाते आहे. हे तुम्हाला सांगायचं कारण एवढंच, की तुम्ही असता तर 'नाही' म्हणाला असता. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हार घालून घालून तुमच्या फोटोचा खिळा सैल झाला, तरी काही ठरवायची वेळ आली की मला आधी तुमचं 'नाही' ऐकू येतं. म्हटलं, एकदा काय ते तोंडावर बोलून टाकावं. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी बोलते, नात लिहून घेते. ती खटखट करते आणि मध्येच खुदकन हसते, तेव्हा मी काय बोलले आणि तिने काय लिहिलं ते देव जाणे. मी तिला बजावलंय, पणजोबांना 'तुम्ही'च लिही. राग आहे म्हणून रीत सोडायची नाही.

सगळं सुरू झालं ते ह्या पोरीच्या नोकरीवरून. दिवसभर घरीच बसते, कानात बोंडं घालून कुणाशी तरी इंग्रजीत भांडते. एक दिवस मी विचारलं, "बाई गं, तू नेमकं करतेस तरी काय?" तर म्हणाली, "आजी, कॉम्प्युटरच्या डिस्कवर कोणती फाइल कुठे ठेवायची हे ठरवणारा एक प्रोग्राम असतो ना, त्याचं काम." मी म्हटलं, "म्हणजे क्वार्टर वाटणारी कारकून झालीस म्हण. तुझ्या पणजोबांची गादी चालवतेस." तिला कळेना. मग तिला सांगितलं, की कारखान्याच्या टाउनशिपमध्ये कुणाला कुठलं क्वार्टर द्यायचं हे तुझ्या पणजोबांच्या टेबलावर ठरायचं. वरती साहेब होते, पण साहेब बदलायचे, टेबल तेच राहायचं. नागपूरहून आलेला फिटर असो नाहीतर केरळातला वेल्डर, बायकापोरं स्टेशनवर उतरली की माणूस आधी तुमच्यापुढे येऊन उभा राहायचा.

नातीने मग माझ्या मांडणीतलं ताट काढलं आणि ओट्यावर फिरवून दाखवलं. "हे ताट म्हणजे डिस्क, आजी. गरगर फिरते. आणि हा चमचा म्हणजे तिचा हात. आतबाहेर सरकतो आणि लिहिलेलं वाचतो. हाताला लांब जावं लागलं की वेळ जातो. म्हणून ताटाचे मोहल्ले पाडायचे. एका फोल्डरमधल्या फाइली होता होईतो एकाच मोहल्ल्यात ठेवायच्या. एक लागली की दुसरीही लागणारच, सिंपल है." म्हणे आताच्या नव्या डिस्कमध्ये फिरणारं काही उरलं नाही, पण घालून दिलेल्या रीती पुष्कळशा तशाच चालू आहेत. मी म्हटलं, आपल्याकडेही तसंच असतं. तिला वाटलं म्हातारीला काय समजणार, पण मला अक्षरं येत नसली तरी क्वार्टरं येतात. नवी फाइल आली की घाईने जागा द्यायची नाही, थोडं थांबून ती किती मोठी होते ते बघायचं, मग सलग जागा द्यायची, असं ती म्हणाली. तुम्हीही नव्या पोरांना आधी हॉस्टेलात ठेवायचा आणि लग्न झाल्यावर क्वार्टर द्यायचा. एकच अवाढव्य फाइल सगळा मोहल्ला खाऊन बसू नये, म्हणून एका मापानंतर तिचा पुढचा भाग दुसरीकडे न्यायचा. थोडी जागा कायम रिकामी ठेवायची. डिस्क गच्च भरली की कुठलीच रीत चालत नाही, एकाच फाइलचे तुकडे दहा ठिकाणी जाऊन पडतात. मला तुमचंच बोलणं आठवलं, "दोनचार घरांना कुलूप असलंच पाहिजे, नाहीतर अडीनडीला आलेल्याला कुठे बसवाल?" खरं सांगते मामंजी, इथपर्यंत मी तुमचं कौतुकच करत होते. नातीला म्हटलंसुद्धा, माणूस हुशार होता.

मग मी विचारलं, "पण मशीनला नातं कसं कळतं?"

"नाही कळत, आजी. एका फोल्डरमध्ये ठेवलंय म्हणजे एकत्र लागणार, एवढा अंदाज करतं. बस."

"आणि दोन बहिणी असतील, दोन घरी दिलेल्या? त्यांना कुठे ठेवील?"

तिने चमचा ताटाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला नेला. "अगदी वरची जी थोरली फोल्डरं असतात ना, ती एकमेकांची कुणी नाहीत असं धरतात. त्यांना मुद्दाम लांब लांब टाकतात, म्हणजे प्रत्येकाला वाढायला जागा मिळते. बहिणींची दोन घरं झाली, तर... लांब, आजी. त्याला कुठे ठाऊक त्या बहिणी आहेत?"

ओट्यावरचं ताट मी उचललं आणि आपटलं. शेजारच्या खोलीतून नातीची आई धावत आली, काय पडलं म्हणून. नात म्हणाली, "आजी, डिस्कवर एवढा राग?" राग डिस्कवर नव्हता. त्या मशीनला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं.

माझ्या बहिणीचा नवरा कारखान्यात क्रेनवर लागला, तेव्हा मला तुमच्या घरात येऊन काही वर्षं झाली होती. थोरला रांगत होता. आमच्या ब्लॉकात जिन्यावरचं क्वार्टर कधीचं रिकामं होतं. अंगणातून मान वर केली की त्याचं कुलूप दिसायचं. बहीण येणार हे कळलं आणि मी काय करावं? मी तो जिना धुतला. रोज धुवायला लागले. एका सकाळी त्या कुलूप लावलेल्या दारापुढे रांगोळी घातली. मालक नाही, सामान नाही, आणि दारात ठिपक्यांची रांगोळी. तुम्ही ऑफिसला निघालात, वर पाहिलंत, चष्मा पुसलात, आणि सायकलवर बसलात. मला वाटलं, समजलं ह्यांना. आणि समजलंच होतं तुम्हाला, मामंजी. संध्याकाळी चपला काढता काढता म्हणालात, "सूनबाई, वरचं क्वार्टर कानपूरकडच्या एका कुटुंबाला दिलं. तुझ्या बहिणीला शेवटच्या सेक्टरात दिलंय. हवेशीर आहे."

हवेशीर! तुमच्या टाउनशिपची दोन टोकं मला पायांनी पाठ आहेत. आमचा ब्लॉक, मग शाळा, मग बाजार, मग दसऱ्याला रावण जाळायचं मैदान, मग नाला, आणि नाल्याच्या पलीकडे ते तुमचं हवेशीर क्वार्टर. हवा एवढी, की तिचं धुणं वाळत नसे, उडून जात असे.

बाहेर तुम्ही वेगळं सांगितलंत. टेबलावर नातं चालत नाही, म्हणालात. पण घरात त्याच दिवशी जेवायला बसल्यावर सासूबाईंना जे सांगितलंत ते मी चुलीपाशी ऐकत होते. "माहेर खिडकीत आलं की सून सासरी राहत नाही. उभी असते खिडकीत. आणि दोन बहिणी शेजारी म्हणजे रोजची भांडणं. दोन घरं नासतील." मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले. तुम्ही आत न बघता म्हणालात, "भाकरी करपली." सगळ्या बोलण्यात माझ्या वाटेला आलेलं वाक्य तेवढंच. मी दुसरी टाकली. आज वाटतं, तीच करपलेली तुमच्या ताटात वाढायला हवी होती.

बहिणीच्या नवऱ्याने पुढे खटपट केली. आमच्या मागच्या ब्लॉकातला एक जण घरांची अदलाबदल करायला तयार होता, त्याला हवा हवीच होती बिचाऱ्याला. तेव्हाही तुम्ही म्हणालात, "मी त्या खुर्चीवर आहे तोवर नाही." आणि ह्याच्यावर तुमचं नाव झालं! अख्ख्या वसाहतीत बोलबाला. भाजीच्या ठेल्यावर बायका मला म्हणायच्या, "आपके ससुरजी तो हीरा हैं, बहू की बहन को भी पास का मकान नहीं दिया!" मी मान हलवायची आणि भेंडी मोडून बघायची. तुम्ही रिटायर झालात तेव्हा मैदानात मांडव घातला होता. हार, शाल, नारळ. साहेबांनी माइकवरून हीच गोष्ट सांगितली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकांच्या रांगेत बसले होते, शेजारी माझी बहीण. तिने मला कोपर मारलं आणि कानात म्हणाली, "वाजव नं वं बाई टाळ्या. आपलंच कवतिक चालू हाय." मला असं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. तुम्ही व्यासपीठावरून बघितलंत. तुम्हाला वाटलं असेल सूनबाईचे डोळे भरून आले. भरले होते, पण हसून. आणि थोडे रागाने.

आता त्या दिवसाचं सांगते, मामंजी. हे मी कुणाला सांगितलेलं नाही असं नाही, पण तुम्हाला नाही सांगितलं. तिचं पहिलं बाळंतपण. दिवस भरायला अवकाश होता. नवरा पहिल्या पाळीला गेलेला, ती एकटी. सकाळीच कळा सुरू झाल्या. शेजारी केरळातलं कुटुंब. त्या बाईला मराठी येईना, धड हिंदी येईना, आणि माझ्या बहिणीला गावाकडच्या बोलीशिवाय काही येईना. दोघींनी काय सांगितलं आणि काय समजून घेतलं त्या दोघीच जाणोत. त्या बाईचा नवरा सायकल मारत माझ्याकडे निरोप घेऊन आला. मी तुमचं जेवण करत होते. दुपारचा भोंगा झाला की तुम्ही घरी येणार आणि ताट वाढलेलं असणार, ही त्या घराची रीत. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी उभी राहिले. काय करू? वरण उतरवलं, पोराला काखेत मारलं आणि निघाले, तर तुम्ही फाटकात. "कुठे?" म्हणालात. मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "वाढून जा." मी वाढलं. तुम्ही जेवलात. तुम्ही हळू जेवायचा.

मी पोचले तेव्हा तिला दवाखान्यात नेलं होतं. मागून दवाखान्यात गेले. मूल हाती लागलं नाही. मुलगी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणी लवकर आणलं असतं तरी काही उपयोग नव्हता, आधीच काहीतरी बिघडलं होतं. त्यांच्यावर माझा विश्वास आहे. तुम्ही क्वार्टर लांब दिलंत म्हणून मूल गेलं असं मी म्हणत नाही, मामंजी. नातीलाही सांगते, हे नीट लिही, मी तसं म्हणत नाही. मी एवढंच म्हणते, की माझी बहीण कळा देत होती आणि हात धरायला जी बाई होती तिला 'आई गं' ह्याचा अर्थ कळत नव्हता. आणि तेव्हा मी तुम्हाला दुसऱ्यांदा वरण वाढत होते. आमच्या डोक्यावरच्या त्या क्वार्टरात ती असती, तर मी तिची पहिली हाक इथूनच ऐकली असती आणि तुमचं ताट ओट्यावर तसंच राहिलं असतं.

तुम्हाला वाईट वाटलं, हे मी नाकारत नाही. बाजारातून तुम्ही माझ्यासाठी छत्री आणलीत. काळी, लाकडी मुठीची, बायकांची नव्हे, चांगली मोठी. म्हणालात, "तुला तिकडे जायला-यायला होईल. ऊन फार असतं नाल्यापाशी." मी ती घेतली. तुमच्या सगळ्या चांगुलपणाचं हेच होतं बघा. जागा तुमच्या हातात होती आणि तुम्ही छत्री दिलीत.

नात म्हणाली, "आजी, एक खूणसुद्धा असते." मला वाईट वाटलं म्हणून समजूत घालत होती बिचारी. एखाद्या फोल्डरवर अशी खूण करता येते म्हणे, की ह्याच्या पोटातली सगळी एकमेकांची कुणी नाहीत, त्यांना पसरून टाक. खूण नसली तर मशीन पोटातल्यांना जागा असेतोवर जवळच बघतं. मी विचारलं, "ही खूण करतं कोण? मशीन?" म्हणाली, "नाही, माणूस." मी म्हटलं, लिही हे पण.

आणि तुमची खूण पुसली गेली नाही, मामंजी. नोकऱ्या संपून टाउनशिप सुटली तेव्हा आम्ही कोटरा सुलतानाबादला आलो आणि तिच्या नवऱ्याला घर मिळालं ते करोंदला, धान्याच्या मंडीपाशी. पुन्हा शहराची दोन टोकं! ह्या वेळी तुम्ही खुर्चीवर नव्हतात, तरी. तिचा नवरा गेला, मुलगा पुण्याला नोकरीला, ती एकटी. आता शेजारचा फ्लॅट रिकामा झाला तर मी फोन केला. ती काय म्हणाली ठाऊक आहे? "नको वं बाई. लांबूनच गोड रायते. जवळ आलो की भांडू." माझ्या बहिणीच्या तोंडातून तुम्ही बोलत होता! त्या दिवसापासून मी तुमच्या फोटोकडे बघत नव्हते. माझ्या सुनेला म्हटलं, आता हार तूच घाल.

इथवर लिहून पत्र थोडे दिवस तसंच पडून राहिलं, कारण शेवटी मीच उठून करोंदला गेले. मुलगा सोडायला आला होता, त्याला गाडीतच बसवलं. तिच्या दारात धान्याच्या ट्रकांची धूळ आणि ती खाटेवर लसूण सोलत बसलेली. मी म्हटलं, "चल."

"काऊन? इथं काय वाईट हाय?"

"हवा फार आहे."

ती हसली. मग गंभीर झाली. "बाई, आता उरलं किती? तुयं तुले, मायं मले. आणि तुया स्वभाव मले मालूम हाय. रोज भांडशीन."

"भांडेन. तू इथे बसलीस तर मी कुणाशी भांडू? सून शिकलेली आहे, ती भांडत नाही, सॉरी म्हणते."

तिने हातातला गड्डा सोलून संपवला. मग सालपटं फुंकून म्हणाली, "माया कुकर जुना हाय. शिट्ट्या लय मारते. चालन का?"

तर ती आली, मामंजी. सामान म्हणजे एक खाट, तो कुकर, एक देवघर आणि मिरच्यांचं पोतं. मी दारात रांगोळी घालायला बसले तर गुडघे वाकेनात, नातीने घातली, मी सांगत गेले.

हे पत्र इथेच संपवायचं होतं. नात म्हणाली, छान झालं आजी, पूर्ण झालं. पण एक गोष्ट राहिली, आणि ती मी तिला हळू आवाजात सांगते आहे, कारण भिंत पातळ आहे. आमचं भांडण झालं. येऊन आठवडाही झाला नव्हता. मधल्या गॅलरीत तिने मिरच्या वाळत घातल्या, त्यांचं तिखट माझ्या सांडग्यांवर उडालं, मी बोलले, ती बोलली, मग ती आमच्या आईपर्यंत गेली आणि मी तिच्या सासूपर्यंत. दार आपटून गेली. काल बोलली नाही, आज बोलत नाही. तुम्ही म्हणाला होता तस्संच.

पण ऐका. पलीकडे ती भांडी घासते आहे आणि प्रत्येक भांडं मला ऐकवून ठेवते आहे. आत्ता झारा ठेवला. आत्ता परात. सगळा जन्म ती माझ्यावर रागावली असेल, पण मला कधी कळलं नाही. नाला ओलांडून भेट व्हायची तोवर राग निवलेला असायचा, उरायचं ते फक्त गोडगोड बोलणं. तिचा ताजा, गरम राग मी म्हातारपणी पहिल्यांदा ऐकते आहे. आणि मला सकाळपासून इतकं बरं वाटतंय, की नातीला मी दुसऱ्यांदा चहा कर म्हटलं.

भांडणाचं तुमचं खरं ठरलं, हे मान्य. पण तेवढं एक वाक्य वाचून तुम्ही चष्मा पुसाल आणि मान हलवाल, बाकीचं विसराल. ते सुख मी तुम्हाला देणार नाही. म्हणून नातीला सांगितलंय, हे पाठवायचं नाही.